वही बंद केलीस म्हणे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

परवा सगळं बोलून झाल्यावर, फोन ठेवता ठेवता तू म्हणालास, "आणि हो, ती चित्रांची वही बंद केली मी. घरी काढण्यासारखं काही नसतंच." मी "बरं" म्हणाले. ते "बरं" दोन दिवस मलाच टोचतंय. पुन्हा फोन केला तर मी भाषण देणार आणि तू "हो आई, हो आई" करत दुसरंच काहीतरी बघत बसणार. म्हणून पत्र.

प्रवासातून पाठवलेले वहीचे फोटो मी काल पुन्हा पाहिले. बारा दिवसांत एकवीस पानं, आणि परत आल्यापासून एकही नाही. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं पान कोणतं, ओळख. तुला वाटेल तो मोठा घुमट. त्यावर तू दीड तास घालवलास, एकेक खिडकी मोजून काढलीस, आणि तो घुमट पाठ केलेल्या धड्यासारखा झालाय, चूक कुठेच नाही पण ऐकावासाही वाटत नाही. मला आवडला तो समोरच्या बाकावर झोपलेला माणूस. मान एका बाजूला कलंडलेली, तोंड जरासं उघडं, मांडीवरची पिशवी झोपेतही दोन्ही हातांनी धरलेली. तो कधी जागा होईल याचा नेम नव्हता, त्यामुळे छान काढायला तुला सवडच मिळाली नाही. जे दिसलं ते भराभर उतरवलंस. डावा खांदा जरा मोठा झालाय, पण माणूस झोपलाय याबद्दल शंका येत नाही.

आता मला सांग, असा माणूस बघायला इतक्या लांब जावं लागतं का?

आल्ब्रेख्त ड्यूरर या जर्मन चित्रकाराचा गेंडा तुला आठवतो? लहानपणी त्याचं चित्र बघून तू विचारलं होतंस, याने चिलखत का घातलंय? १५१५ मध्ये हिंदुस्थानातून एक गेंडा जहाजाने पोर्तुगालमध्ये लिस्बनला पोचला. ड्यूरर होता तिकडे जर्मनीत, नुरेंबर्गला. त्याने तो गेंडा कधीच पाहिला नाही. कुणीतरी पाठवलेलं वर्णन आणि एक कच्चं रेखाटन एवढ्यावर त्याने लाकडी ठशासाठी चित्र काढलं. अंगावर लोखंडी पत्र्यासारखी कवचं, पायांवर खवले, मानेच्या मागे एक जादाचं छोटं शिंग. चित्र इतकं ठसठशीत की पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपात लोक गेंडा असाच असतो असं मानत राहिले. आणि याच माणसाने त्याआधी बारा वर्षं, १५०३ मध्ये, गवताचा एक तुकडा रंगवला होता. कुठल्याही पायवाटेच्या कडेला असतं तसलं गवत, त्यात दोन-चार रानटी झाडं, खाली ओली माती आणि मुळं. त्यात बनावट असं काही सापडत नाही, कारण ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं.

तू "घरी काढण्यासारखं काही नसतं" म्हणतोस ना, तेव्हा मला हा गेंडा आठवतो. घरातल्या वस्तू आपण न बघताच ओळखतो. खुर्ची म्हटलं की चार पाय, एक पाठ. डोक्यात तयार ठसा आहे, तोच कागदावर उतरतो. परक्या ठिकाणी ठसे तयार नसतात, म्हणून डोळे आपोआप उघडे राहतात. तेवढाच काय तो प्रवासाचा फायदा. घरची खुर्ची एकदा जमिनीवर बसून काढून बघ. तिचे चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे दिसतात आणि पायांमधल्या मोकळ्या जागेचे आकार तर इतके विचित्र असतात की खुर्ची न काढता तेवढेच आकार काढले तरी खुर्ची उभी राहते.

दुसरं, आणि हे जास्त महत्त्वाचं. तुझी पहिली पाच पानं बघ. रेघ तुटक तुटक, एकाच कडेवर चार-चार वेळा फिरवलेली, घाबरल्यासारखी. सहाव्या पानापासून ती सुटली. म्हणजे हात मोकळा होईपर्यंत तुझे तीन-चार दिवस गेले, आणि ते कुठले, तर ज्यांच्यासाठी तू वर्षभर रजा साठवली होतीस ते. तेच तीन-चार दिवस घरी चपलांवर आणि चाव्यांच्या जुडग्यावर खर्ची पडले असते, तर सहावं पान तुला गाडीत बसल्या बसल्याच मिळालं असतं. गाणारे लोक कार्यक्रमाच्या दिवशी गळा तापवायला सुरुवात करत नाहीत. तुझ्या घरच्या पानांकडे मी असं बघते. ती कुणाला दाखवायची नाहीत, तूही बघायची नाहीस.

काय काढायचं ते मी सांगणार नाही, पण काही गोष्टी आयत्या उभ्या असतात. दोरीवरचे कपडे, कारण कापड लोंबतं तिथे घडीला कारण असतं, कुठून ताणलंय ते दिसतं. स्वतःचा डावा हात, तो कायम मोकळा असतो आणि पैसे मागत नाही. दारातल्या चपला. चपला काढणं वाटतं तितकं सोपं नाही, आतली आणि बाहेरची कड वेगळ्या वळतात आणि झिजलेली टाच बघून कोण कसं चालतं तेही कळतं. मी एकदा महिनाभर फक्त विजेची बटणं आणि लोंबत्या वायरी काढल्या. तुझ्या बाबांना वाटलं, मला काहीतरी दुरुस्त करायचंय.

रोज किती? दहा मिनिटं. त्याहून जास्त ठरवू नकोस. आणि ती कशाला तरी बांधून ठेव. संगणक सुरू होईपर्यंत, धुण्याचं यंत्र थांबेपर्यंत, कुणाची तरी वाट बघताना. "रात्री निवांत बसून काढीन" हे मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलंय की त्या निवांत रात्री एकत्र केल्या तर एक वर्ष भरेल.

तू म्हणालास की एकवीस दिवस सलग जमलं नाही, म्हणजे सवय लागणारच नाही. हे एकवीस कुठून आलं रे? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला लावून पाहिलं. ती अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ वर गेला. आणि मला आवडलेला भाग असा, की एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. तेव्हा तुझी कोरी पानं म्हणजे तुटलेली साखळी वगैरे काही नाही. आज तारीख घालून पुढच्या पानावर काढ. मधले दिवस भरून काढायला बसू नकोस, ते तर अजिबात नको. तो गृहपाठ होतो.

सामानाबद्दल थोडक्यात, कारण त्यात रमणं हा न काढण्याचा सगळ्यात सभ्य बहाणा आहे. खिशात मावेल अशी वही, एक मऊ २बी पेन्सिल, एक पाण्याने न फुटणाऱ्या शाईचं पेन. पाण्याचे रंग लावणार असशील तर कागद निदान दोनशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला दोनशे ग्रॅम भरेल इतका जाड घे, पातळ कागद फुगून होडी होतो. खोडरबर घरी ठेव. जुने चित्रकार लेप दिलेल्या कागदावर चांदीच्या तारेने काढायचे. ती रेघ नीट पुसताच येत नाही. ड्यूररने तेराव्या वर्षी, १४८४ मध्ये, आरशात बघून स्वतःला काढलं ते असंच. तुला चुकलेली रेघ दिसली तर शेजारी दुसरी ओढ. पहिलीला राहू दे.

आता प्रवासाचं. पुढच्या वेळी जाशील तेव्हा आधी माणसं काढ, इमारत नंतर. इमारत कुठे पळून जात नाही. काम करणारा माणूस निघून गेला असं वाटतं, पण तो त्याच हालचालीवर पुन्हा पुन्हा येतो. वाकणं, उचलणं, ठेवणं. म्हणून एकाच पानावर तीन-चार आकृत्या अर्धवट सुरू कर आणि तो ज्या पवित्र्यात परत येईल त्या आकृतीवर जा. गर्दी काढताना तू दूरच्या माणसांची डोकी खाली-खाली नेली आहेस, त्यामुळे सगळे खड्ड्यात उतरल्यासारखे दिसतात. सपाट जागी उभं राहून काढत असलास तर साधारण तुझ्या उंचीच्या सगळ्यांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात, मग ती दोन पावलांवर असोत की शंभर. दूरच्यांचे फक्त पाय वर सरकतात. बसून काढलंस तर तीच रेषा उभ्या माणसांच्या छातीच्या आसपास जाते. ती रेषा आधी ओढ आणि माणसं तिच्यावर वाळत घाल. आणि ऊन असेल तर सावल्या एकदा ठरवून टाक. सूर्यामागे धावत सुटलास की एकाच चित्रात सकाळ आणि दुपार दोन्ही येतात.

रंग तिथेच पुरे व्हायला हवेत असंही नाही. इंग्रज चित्रकार टर्नर १८१९ मध्ये इटलीत फिरत होता तेव्हा त्याचा हिशेब असा होता, की बाहेर एक चित्र रंगवायच्या वेळात पेन्सिलीची पंधरा-सोळा होतात. तो पेन्सिल चालवत राहिला. तू रेघांच्या शेजारी शब्दांत लिहून ठेव, "भिंत ओल्या राखेसारखी", "दार वरून फिकट". मागून फोटो बघून रंगवण्यापेक्षा ते शब्द जास्त खरे ठरतात. निदान मला तरी. फोटो काढू नकोस असं मी म्हणणार नाही. मी म्हटलं म्हणून तू थांबणारही नाहीस.

हे सगळं मी मोठ्या तोऱ्यात सांगतेय, पण मी स्वतः अकरा वर्षं काहीच काढलं नव्हतं. तुला माहीत नाही हे. तू दोन वर्षांचा असताना मला कुणीतरी एक देखणी वही भेट दिली. जाड कागद, कापडी बांधणी. इतकी देखणी की तिच्यात पहिलं चित्र कशाचं काढावं ते ठरेना. चांगलं काहीतरी सुचेल तेव्हा काढू म्हणून कपाटात ठेवली. मग साध्या वहीत काढणंही बंद झालं, कारण चांगली वही असताना साधीत कशाला? कपाटातल्या कपाटात तिच्या कडा पिवळ्या पडल्या.

मग तुझी आजी आजारी पडली. दवाखान्यात तिच्या पलंगाशेजारी तासन् तास बसायचं आणि करण्यासारखं काही नाही. हातात तपासणीच्या कागदांचं मोठं पाकीट होतं. त्याच्या मागच्या बाजूला मी तिचा हात काढला, चादरीवर पालथा पडलेला, शिरा वर आलेल्या, अंगठी ढिली होऊन सांध्याला अडकलेली. अंगठा जमला नाही. इतक्या वर्षांनी कसा जमणार? आजी डोळे न उघडता म्हणाली, "काय खरडतेस गं?" तिचे फोटो आपल्याकडे दोनशे तरी असतील. ते मी वर्षातून एकदा बघते. पाकीट माझ्या टेबलाच्या खणात आहे.

ड्यूररनेही १५१४ मध्ये कोळशाने आपल्या आईला काढलं होतं. त्रेसष्ट वर्षांची, गालफडं बसलेली, कपाळावर आठ्या, मानेची हाडं मोजता यावीत अशी. पुढे दोनच महिन्यांनी ती गेली. ते चित्र बघताना मला नेहमी वाटतं, त्याला हे काढता आलं ते केवळ आईवर प्रेम होतं म्हणून नव्हे. गवत काढून काढून हात तयार होता.

घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे आणि तुझ्यासमोर मान वळवून बसणार नाहीये. तू आलास की मी कपाट आवरायला काढणार आहे. काढायचं तर तेव्हा काढ, हलत्या आईला. ती पिवळी वही मी तुझ्यासाठी बाजूला ठेवली आहे. तिची पहिली तीन पानं मी परवा मुद्दाम खराब करून टाकली. चपला, चपला आणि पुन्हा चपला. चौथ्यापासून पुढे तुझी.

वेळेवर झोपत जा.

तुझी,
आई

ता. क. : तुझ्या वहीच्या नवव्या पानावर बाकाच्या खाली एक गोल वस्तू आहे, तिला दोन कान आहेत असं वाटतं. तुझे बाबा म्हणतात मांजर, मी म्हणते पिशवी. शेजारी काहीच लिहिलेलं नाहीस. काय आहे ते कळव, इथे पैज लागली आहे.