शिशाच्या भावात सातवाहन : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी इथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, मुळात सगळी क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाची (शक राज्यकर्त्याची). एका बाजूला त्याचा चेहरा आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, शिवाय ब्राह्मी आणि खरोष्ठीत त्याचे नाव. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर मात्र दुसऱ्याच राजाचा ठसा होता. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवल्यावर त्याची नाणी आटवण्याच्या भानगडीत न पडता तशीच ऐरणीवर घेतली आणि वरून आपला शिक्का मारला. नहपानाच्या गालावर कमानींचा डोंगर उमटला, वज्रावर उज्जैन चिन्ह, म्हणजे चार वर्तुळे जोडणारी फुली, बसले. नाणे उजेडात तिरपे धरले की डोंगराच्या कडेने जुन्या राजाचे नाक आणि केसांच्या बटा अजून दिसतात. सत्ताबदल इतक्या उघडपणे दाखवणारी वस्तू आपल्या प्राचीन इतिहासात मला तरी दुसरी माहीत नाही.

नाशिकच्या पांडवलेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, शिलालेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा निर्वंश केला, असे ती त्यात अभिमानाने सांगते. आईने केलेले मुलाचे कौतुक इतिहास म्हणून कितपत धरायचे, हा प्रश्न कुणालाही पडेल. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या माउलीच्या बाजूने साक्ष दिली.

पण ही साक्ष एकट्या नाण्याची नव्हे, सगळ्या साठ्याची आहे. ठसा मारलेली आणि न मारलेली नाणी एकत्र होती, म्हणूनच साठा पुरला गेला तेव्हा जुने चलन नव्या शिक्क्याखाली आणण्याचे काम चालू होते किंवा नुकतेच झाले होते, असा अंदाज बांधता आला. हजारो नाणी एकाच अभ्यासकाला शेजारी शेजारी मांडता आली, म्हणून नहपानाचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत हेही लक्षात आले. कुठे तो तरुण, कुठे गाल बसलेला म्हातारा, तर कुठे वेगळाच माणूस वाटावा असा. हीच नाणी शंभर खिशांत विखुरली असती, तर प्रत्येक खिशात एक सुंदर चित्र उरले असते आणि इतिहास कुणाच्याच हाती लागला नसता.

मंत्रिमहोदय, मी प्राचीन नाणी जमवतो. त्यामुळे हे विखुरणे कसे होते, ते मला जवळून दिसते. सोंड उंचावलेला हत्ती असलेले पोटीनचे, म्हणजे तांबे, शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचे, नाणे समोर येते, मागे उज्जैन चिन्ह असते, नाव अर्धे वाचता येते. कुठे सापडले म्हणून विचारावे, तर उत्तर मिळते ‘मराठवाड्यात’. फार खोदून विचारले की ‘नदीकाठी’. सोबत आणखी किती होती, मडके होते का, या प्रश्नांवर विषय बदलतो. विकणाऱ्याच्या या गप्प बसण्याला कारण आहे आणि ते कायद्याच्या पुस्तकात छापलेले आहे.

जमिनीत सापडलेल्या धनासाठी आपण अजून १८७८ चा निखात निधी अधिनियम वापरतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही सापडले, की सापडवणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे. (१८७८ चा रुपया तोळाभर वजनाचा, चांदीचा होता. दहा रुपये म्हणजे तेव्हा दहा तोळ्यांची नाणी. आज त्या आकड्याला काय अर्थ उरला, ते आपणच ठरवा.) मग चौकशी आणि जाहीर सूचना. हक्क सांगणाऱ्यांसाठी नेमायची तारीख त्या सूचनेनंतर चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान. कुणीच मालक निघाला नाही आणि जमिनीचा मालक वेगळा असेल, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा जमीनमालकाला. कळवले नाही, तर हिस्सा जप्त आणि वर एक वर्षापर्यंतची कैद किंवा दंड. इथवर एक वेळ ठीक म्हणू.

खरी गोम कलम १६ मध्ये आहे. शासनाला तो निधी स्वतःकडे घ्यायचा असेल, तर जिल्हाधिकारी त्यातल्या धातूची किंमत अधिक त्या किमतीचा एक पंचमांश देऊन तो घेऊ शकतो. सोन्याच्या नाण्यांसाठी ही रक्कम निदान बरी भरते. पण सातवाहनांचे चलन सोन्याचे नव्हतेच. त्यांची बहुतेक नाणी शिशाची, तांब्याची, पोटीनची. अशी शंभर नाणी सहसा किलोभरही भरत नाहीत. शेतकऱ्याने कामधंदा सोडून तहसील कचेरीचे उंबरे झिजवायचे, पोलिसांचे प्रश्न ऐकायचे, गावात ‘याला हंडा सापडला’ ही आवई सोसायची आणि शेवटी हाती काय, तर मोडीचा भाव आणि वर वीस टक्के. तो सरकारदरबारी न जाता व्यापाऱ्याकडे का जातो, याचे आपण आश्चर्य करू नये.

आणि नेमकी हीच हलक्या धातूची नाणी बोलकी आहेत. १९३९ मध्ये विदर्भातल्या तऱ्हाळ्याला पोटीनच्या सातवाहन नाण्यांचा साठा मिळाला. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला, तेव्हा कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी नावे समोर आली. पुराणांतल्या राजांच्या यादीत हे राजे नाहीत. त्यांचे अस्तित्व या काळपट चकत्यांवर टिकून आहे. तो साठा एखाद्या भांडीवाल्याच्या मुशीत गेला असता, तर हे राजे पुसले गेले असते आणि कायद्याच्या हिशेबाने नुकसान झाले असते काही शेर पोटीनचे.

सोन्याचेही सगळे सुरक्षित राहते असे नाही. भरतपूरजवळच्या बयाना परिसरात १९४६ मध्ये गुप्तकालीन सुवर्णनाण्यांचा प्रचंड साठा सापडला. त्यातली १,८२१ नाणी अभ्यासकांच्या हाती लागली आणि आपल्याकडचे इतिहासकार अ. स. आळतेकर यांनी त्यांची सूची केली. पण काही नाणी त्याआधीच आटवली गेली होती. गुप्तांच्या टांकसाळीने वीणा वाजवणारा समुद्रगुप्त घडवला, सिंहाशी भिडणारा दुसरा चंद्रगुप्त घडवला. आटलेल्या नाण्यांवर काय होते, ते आता कुणी सांगू शकत नाही.

सापडल्या जागेची नोंद काय करते, याचे एक लांबचे उदाहरण देतो. अफगाणिस्तानातल्या ऐ-खानुम इथे फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना १९७० मध्ये अगाथोक्लीस या ग्रीक राजाची सहा चांदीची नाणी मिळाली. एका बाजूला नांगर घेतलेला बलराम, दुसऱ्या बाजूला चक्र घेतलेला वासुदेव-कृष्ण, एकीकडे ग्रीक लेख, दुसरीकडे ब्राह्मी. असे एखादे नाणे लिलावात सुटे आले असते, तर निम्म्या जाणकारांनी ते बनावट म्हणून बाजूला सारले असते. मीही सारले असते. उत्खननात मिळाल्यामुळे ते कृष्णाच्या सर्वांत जुन्या चित्रणांपैकी एक म्हणून उभे आहे.

यावर दिल्लीकडे बोट दाखवता येणार नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत निखात निधी हा विषय राज्यसूचीत आहे, नोंद क्रमांक ४४. म्हणजे कलम १६ बदलणे आपल्या विधिमंडळाच्या हातात आहे. मोबदला धातूवर न ठरवता नाण्याच्या ऐतिहासिक मोलावर ठरावा आणि ते ठरवायला नाणेशास्त्र जाणणारी समिती असावी. इंग्लंडने १९९६ च्या कायद्यानुसार सापडवणारा आणि जमीनमालक यांना बाजारभावाने मोबदला देण्याची पद्धत ठेवली. सोबत कायद्यात न बसणाऱ्या वस्तूंच्या ऐच्छिक नोंदणीची योजनाही चालवली. आज त्या नोंदी दहा लाखांच्या पुढे आहेत.

जादा पैसे दिले तर लोक टेकाडे उकरत सुटतील, असे आपले अधिकारी म्हणतील. शंका रास्त आहे, पण टेकाडे आजही उकरली जातातच, फक्त चोरून. मोबदल्याला अटी घाला. साठा जागेवरून न हलवता कळवणाऱ्याला सर्वांत जास्त, मडक्यासकट आणून देणाऱ्याला त्याखालोखाल, संरक्षित स्थळावर खणणाऱ्याला काही नाही आणि वर गुन्हा. एखाद्या शेतकऱ्याला नांगरताना योगायोगाने मिळालेला हंडा आणि डिटेक्टर घेऊन रात्री फिरणाऱ्याची लूट यांत कायद्याने फरक करायलाच हवा.

आम्ही संग्राहकही यात धुतल्या तांदळासारखे नाही. मागणी आमची असते. ‘कुठून आले’ हे न विचारता घेणारे आमच्यात पुष्कळ आहेत. १९७२ च्या पुरावशेषविषयक कायद्याने शंभर वर्षे जुने नाणे पुरावशेष ठरते, त्याची निर्यात बंद आहे. पण शिल्पे, चित्रे किंवा सचित्र हस्तलिखिते यांच्यासारखी नाण्यांची नोंदणी सक्तीची नाही. सक्ती करा असे मी म्हणत नाही, कारण त्या भीतीने नाणी आणखी खोल दडतील. पण दोन्ही बाजूंचा फोटो, वजन, व्यास आणि ठाऊक असेल तर गावाचे नाव, एवढी ऐच्छिक नोंद घेणारे मराठी संकेतस्थळ पुरातत्त्व संचालनालयाने उघडले, तर माझी नाणी पहिल्या दिवशी त्यावर असतील. पुरातत्त्व विभागाने स्वतःकडच्या साठ्यांचे फोटोही तिथेच टाकावेत. कपाटात कुलूपबंद असलेल्या नाण्याचा संशोधकाला उपयोग नाही.

कायदा बदलायला वेळ लागेल, हे समजते. परिपत्रकाला लागत नाही. ते तलाठी, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांच्यापर्यंत पोचावे आणि त्यात साध्या भाषेत लिहावे, की नाणी सापडली तर ती चिंचेने, लिंबाने किंवा ॲसिडने घासू नयेत, कारण पोटीनवरची अक्षरे गंजाच्या थराबरोबर निघून जातात. मडक्याची खापरे फेकू नयेत, त्यांच्यावरूनही काळ ठरतो. उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा, नकाशावरची जागा नोंदवावी. आणि कळवणाऱ्याला त्याच दिवशी नाण्यांची संख्या लिहिलेली सहीशिक्क्याची पावती द्यावी. या परिपत्रकाचा मसुदा करायला राज्यातले नाणे-अभ्यासक विनामोबदला येऊन बसतील. आपल्या कार्यालयाने बोलावण्याची तारीख तेवढी कळवावी.

आपला नम्र,
एक नाणेसंग्राहक