लिटलवुडबाईंची तालीम

महोदय,

ब्रिटिश दिग्दर्शकांवरील आपल्या पुरवणीतल्या लेखात जोन लिटलवुड (१९१४–२००२) यांना ‘उत्स्फूर्त अभिनयाच्या पुरस्कर्त्या’ म्हणून एका ओळीत उरकले आहे. नटांना मोकळे सोडले की नाटक उभे राहते, असा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती उलट आहे.

आयरिश नाटककार ब्रेंडन बीहनचे ‘द क्वेअर फेलो’ (१९५६) घ्या. डब्लिनचा तुरुंग, कुणाला तरी फाशी होणार आहे. संहिता हाती देण्याआधी बाईंनी पूर्व लंडनमधल्या थिएटर रॉयलच्या गच्चीवर नटांना कैद्यांसारखे गोल गोल फिरवले. तो कंटाळा अंगात भिनला, मग संहिता आली आणि भूमिका त्याहून नंतर ठरल्या. हा क्रम उलटा केला तर नट स्वतःची वाक्ये मोजत बसतो आणि समोरच्याचे ऐकणे थांबवतो.

अर्थात, पाया कच्चा असेल तर गच्चीवरच्या फेऱ्या हा नुसता व्यायाम. १९४५ साली सुरू झालेल्या थिएटर वर्कशॉप या बाईंच्या नाटकमंडळीत नृत्यशिक्षक रुडॉल्फ लाबान यांची हालचालींची पद्धत शिकवली जाई. लाबान यांच्या सहायक जीन न्यूलव्ह ती शिकवत. दाबण्याच्या क्रियेत जोर ठाम, दिशा थेट आणि वेग संथ असतो. यातला फक्त वेग झटक्याचा केला की तिचा ठोसा होतो. असा एकेक घटक बदलत पात्राची चाल शोधायची. आमच्या मते बाईंची खरी कमाई ही, गाजलेली नाटके नव्हेत.

अडचणीही लेखात यायला हव्या होत्या. १९६८ पर्यंत इंग्लंडमध्ये लॉर्ड चेंबरलेन या राजदरबारी अधिकाऱ्याच्या (नाटकांच्या सेन्सॉरच्या) कार्यालयाने मंजूर केलेली संहिताच बोलावी लागे. बांधकाम मजुरांवरच्या एका नाटकात नटांनी पदरची वाक्ये घातली, म्हणून १९५८ मध्ये मंडळींना कोर्टात दंड भरावा लागला. त्याहून मोठी हानी यशाने केली. अनुदान तुटपुंजे, त्यामुळे ‘अ टेस्ट ऑफ हनी’सारखी चाललेली नाटके वेस्ट एंडला, म्हणजे लंडनच्या व्यावसायिक नाट्यगृहांत, पाठवणे भाग पडे. नाटकाबरोबर वर्षानुवर्षे घडवलेले नटही जात आणि नव्यांना पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागे. १९६१ मध्ये बाई कंटाळून निघून गेल्या, त्याचे हे एक मोठे कारण.

एक दुरुस्तीही. बाई परतल्यावर रंगमंचावर आलेले ‘ओह व्हॉट अ लव्हली वॉर!’ (१९६३) हे त्यांनी एकटीने लिहिलेले नाटक नाही. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या गाण्यांवर चार्ल्स चिल्टन यांनी केलेल्या रेडिओ कार्यक्रमातून त्याची कल्पना आली आणि प्रवेश तालमीत मंडळींनी मिळून रचले. नटांना खाकी गणवेशाऐवजी विदूषकी पांढरे कपडे देऊन मागच्या फलकावर मृतांचे आकडे झळकवणे, हा निर्णय मात्र दिग्दर्शिकेचा.

– नाट्यप्रशिक्षण क्षेत्रातील काही वाचक