वीस सेकंदांत घाणा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि जाहिरातीची संहिता, दोन्ही मिळाले. दिवाळीपूर्वी जिल्ह्याच्या केबल वाहिनीवर आपल्या लाकडी घाण्याची जाहिरात लागावी, हा तुझा विचार योग्य आहे. परंतु संहितेत चार प्रकारची तेले, आजोबांपासूनची परंपरा, घरपोच सेवा, दोन पत्ते आणि शेवटी हात जोडून उभा असलेला तू, इतके सारे आहे. सावकाश, कळेल असे मराठी निवेदन २० सेकंदांत ४० ते ४५ शब्दांपलीकडे जात नाही. तुझे शब्द मी मोजले, ते ११० भरले.

माझे ऐकशील तर केवळ शेंगदाण्याचा घाणा दाखव. पहिली चार-पाच सेकंदे कोणी काही बोलू नये. घाण्याची कुरकुर आणि तेलाची धार पुरेशी आहे, कारण जेवणाच्या ताटावरून लोक दूरदर्शन संचाकडे बघतात ते आवाजामुळे, आणि मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातींत हा आवाज नसतो. त्यानंतर पेंड हातात घेऊन तू दोन वाक्ये बोल, तीही पाठ न करता, गिऱ्हाइकाला रोज सांगतोस तशी.

चित्रीकरणास तुझ्या पुतण्याचा मोबाइल चालेल. पैसे खर्च करायचेच असतील तर कॉलर माइकवर कर, कारण चित्र थोडे मंद असले तरी खपते, आवाज घुमला की माणूस वाहिनी बदलतो. सकाळी दार उघडून समोर थर्माकोलचा पांढरा ताव धरला की चेहऱ्यावर उजेड येतो. ट्यूबलाइट लावावीच लागली तर कॅमेऱ्याचा शटर-वेग सेकंदाच्या १/५० वर ठेवायला सांग. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने अन्यथा चित्रावर पट्टे सरकताना दिसतात.

दूरध्वनी क्रमांक पडद्याच्या अगदी तळाशी घालू नकोस. माझ्या पहिल्याच जाहिरातीत, ती एका भांड्यांच्या दुकानाची होती, वाहिनीची बातम्यांची सरकती पट्टी नेमकी क्रमांकावर आली आणि महिनाभर एकही फोन आला नाही. मालकांनी मला चहा पाजला, पण उरलेले पैसे मागायची माझीच हिंमत झाली नाही.

‘हृदयविकार टळतो’ हे वाक्य मात्र काढच. सिद्ध करणे कठीण असा विशेष किंवा चमत्कारी गुण वस्तूत आहे असे जाहिरातीतून सूचित करण्यास केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधील नियम ७ मनाई करतो. पार्श्वभूमीला चित्रपटगीतही नको. ‘सगळेच लावतात’ म्हणून हक्कधारकाच्या परवान्याची गरज संपत नाही.

वाहिनीशी बोलताना एका महागड्या वेळेपेक्षा स्थानिक बातम्यांच्या आगेमागे रोज ठरलेल्या वेळी जाहिरात लागेल, असे वेळापत्रक लेखी माग आणि पहिले आठ दिवस घरी बसून स्वतः तपास. दुकानात येणाऱ्यालाही ‘कुठे पाहिलेत?’ एवढे विचारून वहीत लिहीत जा.

नवी शेंग घाण्याला कधी लागते ते कळव. त्या दिवशी सकाळी सातपर्यंत मी माइक घेऊन पोहोचतो.

तुझा,
जुना बाकमित्र