कॉम्प्युटर आमचा, पासवर्ड दुकानाचा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी इंदिरानगरला राहतो, बँकेतून रिटायर झालोय आणि आमच्या सोसायटीचा खजिनदार आहे, मेंटेनन्सचा सगळा हिशोब घरच्या कॉम्प्युटरवर टॅलीमध्ये ठेवतो. विंडोज १० चा फ्री सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून जो तो सांगत होता की ११ टाकून घ्या, नाहीतर सिक्युरिटी अपडेट यायचे नाहीत, म्हणून मार्च एंडच्या आधी एका दुकानात सीपीयू नेऊन दिला. दोन दिवसांनी घरी आणून चालू केला तर सगळं जिथल्या तिथे, नातवंडांचे फोटो पण आणि टॅली पण. पैसे दिले, बिल घेतलं, काम झालं.

आठ दिवसांनी नवीन प्रिंटर आणला आणि त्याचा ड्रायव्हर टाकायला गेलो तर स्क्रीन काळपट झाली आणि ॲडमिनचा, म्हणजे कॉम्प्युटरमध्ये बदल करायचा हक्क असलेल्याचा, पासवर्ड मागायला लागली. माझा टाकला तर चालेना. मग नीट बघितलं, तिथे नाव माझं नव्हतंच, दुकानातल्या मुलाने स्वतःसाठी बनवलेलं वेगळं अकाउंट होतं, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटर तो आणि मी माझ्याच कॉम्प्युटरवर स्टँडर्ड युजर, म्हणजे फक्त वापरणारा. टॅलीचं अपडेटही त्याच्यामुळेच अडलं.

दुकानात फोन केला तर म्हणाले तो मुलगा काम सोडून गेला, पासवर्ड आम्हाला माहिती नाही, घेऊन या, फॉरमॅट मारून देतो. साहेब, हे पत्र लिहायला बसलो ते या एका वाक्यासाठी. फॉरमॅट मारणं म्हणजे ड्राइव्हवरचं सगळं पुसणं, माझा शेवटचा बॅकअप फेब्रुवारीतला, आणि एका पासवर्डसाठी पहिला उपाय हा सांगायचा? ज्याला यातलं काही कळत नाही तो बिचारा हो म्हणून मोकळा होतो.

माझी भाची पुण्याला आयटीत आहे. ती म्हणाली, मामा, आत्ता कोणाला हात लावू देऊ नका, आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, स्टँडर्ड अकाउंटवरून पण तुमच्या फायली कॉपी होतात, आणि मग त्या मुलाचा नंबर शोधा. नंबर मिळाला. मुलगा चांगला होता, लगेच पासवर्ड सांगितला, दुकानाचं नाव आणि पुढे १२३. वर म्हणाला, काका, आम्ही सगळ्यांनाच हा टाकायचो. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण त्या दुकानातून गेलेल्या कितीतरी कॉम्प्युटरना एकच किल्ली लागते आणि ती तिथे काम केलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

पुढचं काम पाच मिनिटांचं निघालं. त्या अकाउंटने लॉगिन केलं, सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, मग अदर युजर्स, तिथे माझ्या नावाखाली चेंज अकाउंट टाइप, स्टँडर्डच्या जागी ॲडमिनिस्ट्रेटर, आणि रीस्टार्ट. दुकानाचं अकाउंट मी लगेच काढलं नाही, फक्त पासवर्ड बदलला, कारण माझं काही बिघडलं तर घरात दुसरा ॲडमिन असलेला बरा, असं भाचीचं म्हणणं. रोजचं काम स्टँडर्डवरून करणं खरंतर जास्त सुरक्षित, ते मलाही पटतं, पण ॲडमिनचा पासवर्ड घरात पाहिजे ना.

माझं निदान साधं लोकल अकाउंट होतं, म्हणजे फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं. दुकानदाराने स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू करून दिला असता तर पासवर्ड रीसेट करायचा कोड पण त्याच्याच मोबाइलवर गेला असता. आणि बऱ्याच नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते, म्हणजे कुलूपबंद होते, तिची ४८ आकडी रिकव्हरी की पण त्याच अकाउंटमध्ये जाऊन बसते, ती मिळाली नाही तर डिस्कवरचा डेटा कायमचा गेला. ज्येष्ठ लोकांनी हे विशेष लक्षात घ्या, लॅपटॉप चालू करून घेताना मोबाइल नंबर आणि ईमेल आपलाच द्या.

नाशिकच्या कॉम्प्युटर दुकानदारांना माझी हात जोडून विनंती आहे की मशीन परत देताना गिऱ्हाइकाला समोर बसवा, ॲडमिनचा पासवर्ड त्याच्याच हाताने टाकून घ्या आणि अकाउंटचं नाव बिलावर लिहून द्या. दोन मिनिटं लागतात. बाकीच्यांनी सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, युवर इन्फो उघडून आपल्या नावाखाली ॲडमिनिस्ट्रेटर लिहिलंय का ते बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये चौघांनी बघितलं, दोघांच्या नावाखाली नव्हतं. येत्या रविवारी हार्ड डिस्क घेऊन त्यांच्याकडे बसणार आहे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक