धुऱ्यावरचा मोह तोडायच्या आधी

वडसा,
४ एप्रिल

प्रिय विजू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मी वर्गावर होतो, नीट बोलता आलं नाही. आणि हे काही फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं प्रकरण नाही, म्हणून पत्रच लिहायला बसलो. तुझं शेत ठेक्यानं करणारा ठेकेदार म्हणतो, धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, मोहाची दोन्ही झाडं काढा, सावलीत धान होत नाही, वर लाकडाचे पैसे येतील. तू विचारलंस, "काढू का?" माझं उत्तर आधीच सांगून टाकतो : नको काढू. कारणं पुढे आहेत, सवडीनं वाच.

ठेकेदाराचं खरं तेवढं मान्य करू. पावसाळ्यात मोह पानांनी गच्च असतो, त्याच्या सावलीच्या पट्ट्यात धान मार खातो. पण लाकडाचे पैसे वाटतात तितके सोपे नाहीत. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात ज्या झाडांची यादी आहे, तिच्यात साग, आंबा, चिंच, हिरडा यांच्याबरोबर मोहही आहे. म्हणजे झाड तुझ्या सातबाऱ्यातल्या जमिनीवर असलं तरी परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही. ठेकेदारानं हे तुला सांगितलं नसणार. कागद तुझ्या नावाचे, दंडही तुझ्याच नावाचा.

परवा रविवारी पहाटे मी वैनगंगेचा पूल ओलांडून मुद्दाम तुझ्या शेतावर जाऊन आलो. एकटा नाही, सोबत गावातले दोघे होते. हल्ली ब्रह्मपुरीच्या बाजूला मोहाच्या दिवसांत अंधारात एकट्यानं रानाकडे जाणं शहाणपणाचं नाही. वाघ आहेत, आणि अस्वलाला तर मोह आपल्याहून जास्त आवडतो. वाकून फुलं वेचणाऱ्या माणसावर हल्ला झाल्याची बातमी दर वर्षी कुठून ना कुठून येतेच.

झाडाखाली पोचलो तेव्हा फटफटायचं होतं. वर पान असं जवळपास नव्हतंच. फेब्रुवारीपासून मोह निष्पर्ण होत जातो आणि मग प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्यांचे घोस लोंबू लागतात. तांबूस तपकिरी, मखमली लव असलेल्या कळ्या. त्यातून हिरवट सुईसारखं काहीतरी बाहेर डोकावत असतं, तो स्त्रीकेसर. फूल उमलायच्या आधीच तो बाहेर येऊन परागकण घ्यायला तयार असतो, फुलाचे स्वतःचे पुंकेसर मागाहून पिकतात. त्यामुळे त्याला पराग मिळतो तो बहुतेक दुसऱ्या फुलाचा, अनेकदा दुसऱ्या झाडाचाही. हे काम रात्री वटवाघळं करतात. गोड पाकळ्यांसाठी ती येतात, एका घोसावरून दुसऱ्यावर लटकतात आणि तोंडाला लागलेला पराग पुढे नेतात. तो जो उग्र वास तुला लहानपणी नको व्हायचा, तो वटवाघळांसाठी आहे, आपल्यासाठी नाही.

आणि मग पहाटे फुलं गळू लागतात. टप्... टप्... पालापाचोळ्यावर तर अगदी स्पष्ट ऐकू येतं. मी एक उचलून हातावर घेतलं. फिकट पिवळसर, रसानं टचटचीत, बोटात धरलं की चिकट. पाकळ्या सुट्या नाहीतच, सगळ्या जोडून एक पोकळ गोळा झालेला असतो आणि फक्त टोकाला बारीक दात. तो उभा चिरला तर आतल्या भिंतीला पुंकेसर ओळीनं चिकटलेले दिसतात. बुडाशी मात्र आरपार भोक. स्त्रीकेसर त्या भोकातून गेलेला असतो आणि तो वर झाडावरच राहतो, फुलाच्या बुडाशी असलेल्या संदलांच्या वाटीसकट. मान वर करून पाहिलं तर घोसात त्या नुसत्या सुया दिसत होत्या.

विजू, सगळी गोम इथे आहे. आपण ज्याला मोहफूल म्हणून वेचतो ते झाडानं काम संपवून टाकून दिलेलं असतं. बीजांड वरच, सुरक्षित. आंब्याचा मोहोर गळला तर आंबा गेला, इथे तसं होत नाही. फुलं टोपल्या भरभरून नेली तरी त्याच घोसांना पुढे मृगात फळं धरलेली दिसतात. एकाच झाडाची दोन पिकं, आणि पहिल्यापायी दुसऱ्याचं काही जात नाही. माणसाला वर्षानुवर्षं घेता यावं आणि झाडालाही तोशीस लागू नये, असं फार थोड्या झाडांत सापडतं.

शाळेतल्या सवयीनं थोडं वनस्पतिशास्त्रही ऐकून घे. शास्त्रीय नाव मधुका लाँगिफोलिया. आपल्याकडचा रुंद पानाचा, तो त्याचाच लॅटिफोलिया हा प्रकार. कूळ सॅपोटेसी, म्हणजे चिकूचं. बकुळ आणि खिरणीही त्याच घरातल्या. मोहाची कोवळी डहाळी मोड, पांढरा चीक येतो, चिकूला येतो तसाच. पानं फांदीच्या शेंड्याला झुबक्यानं येतात आणि नवी पालवी तांबडी असते. तुझ्या दोन झाडांपैकी ओढ्याकडच्या झाडावर बांडगूळ बसलंय, बऱ्यापैकी मोठं. झाड वाळत चाललंय असं ठेकेदार म्हणतो ते त्यामुळे. बांडगुळाची फांदी त्याच्या बुडाखालून कापली तर झाड सावरेल.

झाडाखाली आमच्या आधी एक म्हातारी आणि तिची नात येऊन वेचत होत्या. टोलीवरच्या, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतल्या. तुझ्या बाबांनी त्यांच्या घराला हे झाड अर्ध्या वाट्यानं दिलं होतं म्हणे, पुढे वाटा मागणंही सोडून दिलं. हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं. "इजूबाबूले सांगजो गा, झाड उभा ठेव म्हणाव," एवढंच ती म्हणाली आणि पुन्हा वेचायला लागली. सातबाऱ्यावर हे कुठे लिहिलेलं नसतं, पण आपल्या या झाडीपट्टीत, वैनगंगेकाठच्या जंगलपट्ट्यात, कुठला मोह कुणी वेचायचा हे गावाला ठाऊक असतं. जंगलातल्या झाडांचीसुद्धा घरागणिक वाटणी असते. उन्हाळ्यात शेतात काम नसतं, धान संपत आलेला असतो, त्या दिवसांत या फुलांचा पैसा येतो.

फुलं अंगणात वाळवतात. चार-पाच उन्हं खाल्ली की पांढुरकं फूल मनुक्यासारखं लालसर, सुरकुतलेलं होतं. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते, त्यामुळे नीट वाळवून ठेवलं तर वर्षभर टिकतं. आमच्या घरी अजून करतात : वाळलेली फुलं हातावर चोळून आतले केसर झटकून टाकायचे (हे केलं नाही तर घशात खवखवतं), तव्यावर कोरडी भाजायची, भाजलेले तीळ घालून उखळात कुटायची आणि लाडू वळायचे. गूळ लागत नाही. भिजवून उकडलेली फुलं ज्वारीच्या पिठात मळून भाकरी करतात, तीही गोडच. माझी आत्या बाळंतिणीला फुलं दुधात शिजवून द्यायची. बैल थकला की त्यालाही ओंजळभर चारायचे. दुष्काळात तर नुसत्या मोहावर दिवस काढलेली माणसं आपल्या आज्यांनी पाहिलेली.

आता तू हसशील, म्हणशील, मुद्द्याचं बोल. बरं, दारू. फुलं पाण्यात भिजत घालून आंबवायची आणि मडक्याच्या भट्टीवर वाफ धरायची. गोंडांच्या आणि सातपुड्यातल्या भिल्लांच्या घरी जन्म, लग्न, मरण यांत तिचे चार थेंब आधी जमिनीवर, देवाला आणि पूर्वजांना, मग माणसांना. ही एक बाजू. दुसरी बाजू मी रोज बघतो, शाळेत मुलं उपाशी येतात तेव्हा घरात काय चाललंय ते कळतं. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तुमच्या चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. म्हणजे आज नदीच्या एका काठाला बंदी, दुसऱ्याला मुभा, मोह मात्र दोन्हीकडे तोच. दारूबंदीच्या बाजूनं माझं मत तुला माहीत आहे, ते बदललेलं नाही. पण बाटलीचा राग झाडावर आणि वेचणाऱ्या बाईवर काढायचा, हे मला कधी पटलं नाही.

आणि सरकारनं तेच केलं, फार आधीपासून. इंग्रजांनी १८९२ मध्ये ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा केला. कशासाठी? लोकांनी घरची दारू सोडून अबकारी कर भरलेली प्यावी म्हणून. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहफूल अडकलंच. फूल खायला ठेवलंय की गाळायला, हे पोलिसाला कसं कळणार, म्हणून साठवणं आणि वाहून नेणं यावरच निर्बंध. वेचणाऱ्याला घरात ठेवायची भीती, मग व्यापारी सांगेल त्या भावात सीझनलाच विकायचं आणि पावसाळ्यात तेच फूल चढ्या भावानं विकत आणायचं. राज्य सरकारनं हे निर्बंध उठवले ते २०२१ मध्ये. इतकी वर्षं लागली, याची मला अजून चीड येते.

तू नाशिककर झालास म्हणून एक गंमत : पहिल्या महायुद्धात तोफांच्या दारूसाठी, कॉर्डाइटसाठी, इंग्रजांना ॲसिटोन हवं होतं, तेव्हा मोहाची फुलं आंबवून ते काढायचा कारखाना तुमच्या नाशिकला उभारला होता. आदिवासीनं आंबवलं तर गुन्हा.

फळांचं थोडक्यात सांगतो. आपल्याकडे टोळ म्हणतात. वरच्या गराची भाजी होते, आतली तपकिरी चकचकीत बी फोडून, वाळवून घाणीवर तेल काढतात. थंडीत ते तुपासारखं थिजतं. पूर्वी दिव्याला हेच, तळणीला हेच, सांधे दुखले तर चोळायलाही हेच. मात्र पेंड गुरांपुढे टाकू देऊ नकोस. तिच्यात सॅपोनिन नावाचं विषारी द्रव्य असतं, पाण्यात गेलं तर मासे मरतात. डोहात मासे धरायला लोक ती वापरायचेच.

आता माझ्या मनातली खरी काळजी. तुझ्या शेतावरून परतताना मी धुरेच धुरे बघत आलो. मोह पुष्कळ आहेत, पण सगळे म्हातारे. मनगटाएवढं खोड असलेला एकही दिसला नाही. फूल वेचल्यानं झाडाचं काही जात नाही हे खरं, पण बुडाखालची जागा साफ व्हावी म्हणून पाचोळ्याला काडी लावतात, त्यात होती नव्हती ती रोपं जळतात, आणि आग जंगलात पसरते ती वेगळीच. पुढे टोळ पडले की तेही शेवटच्या बीपर्यंत वेचले जातात. जी बी राहते तिचा दम फार नसतो, काही आठवड्यांत तिची उगवणशक्ती जाते. त्यातून रोप लागलंच तर पहिलं फूल यायला निदान आठ-दहा वर्षं, भरघोस बहराला त्याहून किती तरी जास्त. म्हणजे आज तोडलेल्या मोहाच्या जागी दुसरा येईल हा हिशेबच चुकीचा आहे.

त्या नातीला मी काडी लावू नको म्हणालो, तर तिनं मलाच ऐकवलं, "मंग पाला तुमी झाडता का, सर?" बरोबर आहे तिचं. जुन्या साड्या किंवा जाळी खाली बांधली तर झाडायचीही गरज नाही, आणि फुलाला माती लागत नाही म्हणून भावही बरा येतो. जाळीचा खर्च तू कर. नाशिकला द्राक्षबागांवर टाकून झालेली जुनी जाळी मिळते ना, तीच दोन-चार पाठव.

बाकी मी असं सुचवतो. ठेकेदाराला सावलीच्या पट्ट्यापुरता ठेका कमी करून दे, तेवढ्यानं तो गप्प बसेल. झाडं म्हातारीच्या घराकडेच राहू देत, पण पहिल्या पावसात पडलेल्या टोळांतले शंभरेक मला बाजूला काढून द्यायचे, एवढी अट घाल. ताज्या बिया मी शाळेतल्या मुलांकडून लांब पिशव्यांत लावून घेतो. मोहाचं सोटमूळ झपाट्यानं खोल जातं, आखूड पिशवीत ते वाकडं होतं. पुढच्या पावसाळ्यात तुझ्याच धुऱ्यावर, पश्चिमेच्या अंगाला, लावू. तिकडे सकाळची सावली तरी नाल्यावर पडेल.

ठेकेदार येत्या सोमवारी माझ्याकडे येतोय. त्याच्या आधी मला एकदा फोन कर, संध्याकाळी सहानंतर. वहिनींना नमस्कार, आणि तुझ्या लेकीला सांग, लाडूंचा डबा वेगळा पाठवतोय.

तुझा,
दिनू