काकू, आता तरी थँक्यू म्हणू द्या

काकू, फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "पुरे गं" म्हणून ठेवून देता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता काय रागवायचं ते रागवा.

आमच्या मंडळात स्त्री कलाकारांवर स्लाइड शो करायचं ठरलं तेव्हा माझ्याकडे नेटवरून उतरवलेले फोटो आणि उत्साह, एवढंच होतं. बडोद्यात दांडिया बाजारात तुमच्याकडे एक पुस्तक मागायला आले तर तुम्ही पलंगाखालून कात्रणांची अख्खी ट्रंकच ओढलीत, आणि वर सेवउसळ खाल्ल्याशिवाय सोडलं नाहीत ते वेगळंच.

पहिला प्रश्न विचारलात तो अजून आठवतोय. रविवर्माची बहीण कोण? आता रविवर्मा माहीत नाही असा बडोदेकर शोधून सापडायचा नाही, लक्ष्मी विलास राजवाड्यातली त्यांची चित्रं आपण पाहुण्यांना आपलीच असल्यासारखी दाखवतो, पण त्यांची बहीण मंगलाबाई तंपुराट्टीही चित्रकार होती, तिने भावाचं पोर्ट्रेट केलंय आणि ते तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा गॅलरीत आहे, हे मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

मग तंजावरच्या नर्तकी. 1880 मध्ये सयाजीराव महाराजांचं लग्न तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झालं आणि त्यांच्याबरोबर तिकडच्या नर्तकी नि वादक बडोद्याला आले, ही गोष्ट आपल्याकडे सगळे सांगतात, पण सांगतात अशी की त्या बायका आंदणातल्या भांड्यांसारख्या वाटाव्यात. तुम्ही म्हणालात, "नावं सांग." गौरा आणि कांतिमती. चिमणाबाई 1885 मध्येच गेल्या, या दोघी मात्र दरबारात राहिल्या, आणि भरतनाट्यम हे नाव रूढ व्हायच्या कितीतरी आधी बडोद्याने तो नाच पाहिला तो यांच्यामुळे. कांतिमतींचा मुलगा म्हणजे कुबेरनाथ तंजोरकर गुरुजी, युनिव्हर्सिटीत नाच शिकवायचे ते, त्यांना मानणारे लोक आजही भेटतात. तुमची अट एकच, स्लाइडवर मोठ्या अक्षरात कांतिमती, आणि मुलाचं नाव खाली बारीक. मंडळातल्या एका काकांना ते खटकलं. खटकू दे.

सगळ्यात मजा आली ती ज्युडिथ लेस्टरच्या स्लाइडला. हॉलंडच्या हार्लेमची बाई, 1609 चा जन्म, 1633 मध्ये चित्रकारांच्या गिल्डची, म्हणजे व्यावसायिक संघाची मेंबर, म्हणजे काही हौशी वगैरे नव्हे. 1636 मध्ये एका चित्रकाराशीच लग्न झालं आणि त्यानंतरची तिची चित्रं फारच थोडी मिळतात (पुढचं आपल्याला न सांगता कळतं). ती गेल्यावर तिची चित्रं फ्रान्स हाल्स या तिथल्याच नामवंत चित्रकाराची म्हणून विकली गेली, कारण हाल्सच्या नावाला भाव होता. 1893 मध्ये त्यातल्याच एका चित्रावर जे आणि एल अशी जोडाक्षरी सही आणि शेजारी चांदणी दिसली नि बिंग फुटलं. मी हे वाचून दाखवत होते तोवर तुम्ही भिंग घेऊन माझ्या प्रिंटआउटचे कोपरे तपासायला लागला होतात, "चेहऱ्याकडे सगळेच बघतात, तू कोपरे बघ."

त्या नादातच तुम्ही हॉलमधली मोत्यांची कृष्णाची तसबीर खाली उतरवलीत. इतकी वर्षं ती नुसती "जुनी तसबीर" होती. मागचे गंजलेले खिळे पकडीने काढले, पुठ्ठा सरकवला, तर आतल्या कापडावर लाल दोऱ्याने बारीक टाक्यात भरलेलं नाव, शेवटच्या अक्षराशी दोरा संपलेला म्हणून अर्धं अक्षर निळ्यात. तुमच्या सासूबाईंच्या आत्याचं. नाव इथे टाकत नाही, तुमच्या घरच्यांना विचारलेलं नाही. पण तुम्ही लगेच चिठ्ठी लिहून तसबिरीखाली डकवलीत, ती चांगली की साधारण, कला की घरकाम, असल्या चर्चेत न पडता. मी मात्र तोवर प्रत्येक बाईबद्दल "ती मोठी कलाकार होती का" यावरच अडून बसायचे.

शो छान झाला हे तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या कात्रणांची झेरॉक्स झालीय, शनिवारी परत आणून देते. सोबत फाइन आर्ट्सची एक मुलगी येणार आहे, तिच्या आजोळी अशाच दोन तसबिरी आहेत आणि त्या उघडायला तिचा हात धजत नाहीये. पकड तयार ठेवा.