दुधाचं प्रोटीन डब्याच्या नावावर

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला प्रोटीनवरचा पानभर लेख वाचला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लेख छान आहे, फोटो तर फारच छान. किनोआ, टोफू, ग्रीक योगर्ट आणि ॲव्होकाडो टोस्ट (ह्यात प्रोटीन कुठून आलं ते लेखिकाबाईंनाच ठाऊक). लालबागच्या बाजारात ह्यातलं काय काय मिळतं ते एकदा येऊन बघा.

मूळ मुद्दा खोटा नाही. आपण चपाती-भाजी, वडापाव, चहा-खारी ह्यावर दिवस ढकलतो आणि प्रोटीन कमी पडतं, मान्य. पण म्हणून लोकांना घाबरवून प्रोटीन पावडरच्या डब्याकडे कशाला पाठवायचं? लेखाच्या बरोब्बर खाली अर्धं पान जाहिरात कसली होती हे मी सांगायला नको.

माझा राग त्या डब्यावर आहे. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा एका मोठ्या हॉस्पिटलात होतो. डाएटिशियन मॅडम आल्या, उभ्या उभ्या दोन वाक्यं बोलल्या आणि चिठ्ठीवर पावडरचं नाव लिहून गेल्या, ती मिळते कुठे तर खाली हॉस्पिटलच्याच मेडिकलमध्ये, हजाराच्या वर किंमत. आणि पेशंटच्या ताटात काय, तर वरणाचं पिवळं पाणी! डाळ सगळी त्यांच्या पातेल्याच्या तळाशी, प्रोटीनही तिथेच. घरी आल्यावर चष्मा लावून डबा वाचला. पुढे ठळक अक्षरात १० ग्रॅम प्रोटीन, मागे मुंगीएवढ्या अक्षरात ‘२०० मिली दुधासह’. अहो, २०० मिली दुधात सहा-साडेसहा ग्रॅम आधीच असतं! म्हणजे दूध माझं, गॅस माझा आणि नाव डब्याचं. घटकांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहावं लागतं, तर पहिल्या दोन जागांवर माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली, साखरेसारखीच झटकन पचणारी पावडर) आणि साखर. सासूबाईंना डायबेटिस आहे हे फाइलवर लिहिलेलं होतं बरं का.

शेवटी डॉक्टरांना किडनीचं विचारून घेतलं (किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचं गणित वेगळं असतं, हे तुमच्या लेखात एका ओळीत तरी हवं होतं) आणि घरचंच सुरू केलं. सकाळी दोन उकडलेली अंडी म्हणजे बारा ग्रॅम, मुगाचं घट्ट वरण, भाजीत दाण्याचं कूट, आणि भाकरीबरोबर सुक्या बोंबलाची चटणी. सुक्या बोंबलात शंभर ग्रॅमला साठेक ग्रॅम प्रोटीन असतं, आता शंभर ग्रॅम कोणी एका बैठकीत खात नाही, पण चार बोंबील भाजले तरी डब्याच्या दोन चमच्यांना भारी पडतात. समोरच्या टॉवरमधले नाक मुरडतात, मुरडू देत. शाकाहारी लोकांनीही घाबरायचं कारण नाही, भाताच्या प्रोटीनमध्ये जे घटक कमी ते डाळीत असतात आणि डाळीत जे कमी ते भातात, म्हणून वरणभात.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा रोजच्या प्रोटीनचा आकडा वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ५० ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांना १ ते १.२ धरा म्हणतात तज्ज्ञ. २०२४ मध्ये ह्याच संस्थेच्या सूचना आल्या त्यात अंग कमवायला प्रोटीन पावडर घेऊ नका असं सरळ लिहिलंय. ते तुमच्या लेखात का नाही? जागा नव्हती बहुतेक, फोटो मोठे होते.

आणि तुम्हाला प्रोटीनचा एवढा पुळका आलाच आहे तर शाळेतल्या पोरांच्या अंड्याचं काय? पोषण आहारातलं आठवड्याचं एक अंडं, त्याचा निधी राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये बंद केला, शाळांना हवं तर लोकवर्गणी काढा म्हणे. त्यावर रंगीत पानभर लेख काही माझ्या वाचनात आला नाही. ती पोरं ॲव्होकाडो खात नाहीत म्हणून असेल.

पुढच्या रविवारी एक छोटा चौकोन छापा, दहा ग्रॅम प्रोटीन कितीला पडतं, अंड्याचं, शेंगदाण्याचं, मुगाचं आणि त्या जाहिरातीतल्या डब्याचंही, दूध वजा करून. जाहिरात विभागाची परवानगी लागत असेल तर आधी काढून ठेवा.

– एक नियमित वाचक, लालबाग